सहा बिंदूंची नागरी : लिपी, यंत्र आणि अंध वाचक

देवनागरी लिपी यंत्राच्या पचनी पडावी म्हणून मराठीत जे प्रयत्न झाले त्यांचा रत्नागिरीशी दोन प्रकारे संबंध येतो. १८५६ साली या गावी जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी 'केसरी'च्या छापखान्यासाठी नागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला. आणि १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध असलेल्या वि. दा. सावरकरांनी भाषाशुद्धीच्या जोडीने लिपिशुद्धीची चळवळ येथूनच चालविली. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ या स्वरांच्या स्वतंत्र आकृत्या सोडून द्याव्या आणि 'अ' या एकाच अक्षराला वेलांट्या, उकार व मात्रा लावून अि, अी, अु, अू, अे, अै असे लिहावे, ही त्यांची सूचना सुप्रसिद्ध आहे. एकाच स्वरासाठी दोन चिन्हे कशाला, एक स्वतंत्र आणि एक व्यंजनाला जोडण्याचे, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न अगदी सयुक्तिक होता. नागरीच्या जुळणीला काहीशे खिळे लागत. जुळाऱ्याचे श्रम, छापखान्याचा खर्च आणि टंकलेखन यंत्राच्या मोजक्या कळा यांचा विचार करता हा पसारा आवरणे अवश्यच होते.

तथापि या दोन्ही प्रयत्नांत वाचक म्हणून जो गृहीत धरला होता तो डोळस होता. त्या काळाचा हा दोष म्हणता येणार नाही, पण त्याचे परिणाम पुढे दीर्घकाळ भोगावे लागले. एखादे साधन घडवितानाच निरनिराळ्या क्षमतांच्या माणसांचा विचार करावा, मागाहून ठिगळ लावू नये, हे सर्वसमावेशक रचनेचे सूत्र हल्ली सर्वत्र सांगितले जाते. त्याचे उदाहरण म्हणून बहुधा इमारतीच्या पायऱ्यांशेजारी बांधलेला रॅम्प दाखविला जातो. ते उदाहरण खरे असले तरी फार सोपे आहे. दगडी पायऱ्या सर्वांना दिसतात. अक्षरांच्या मांडणीतील पायऱ्या मात्र ज्याला त्या चढावयाच्या असतात त्यालाच कळतात. मराठी मजकूर अंध वाचकापर्यंत कसा पोहोचतो, अथवा का पोहोचत नाही, याचा उलगडा केल्यास हे सूत्र अधिक नेमकेपणाने समजते.

डोळ्याचे वाचन आणि बोटाचे वाचन यांत मूलभूत भेद आहे. डोळ्यापुढे अक्षर सपाटीवर पसरलेले असते. वर मात्रा, खाली उकार, डावीकडे ऱ्हस्व वेलांटी, पोटात अडकलेले जोडाक्षर, हे सारे तो एका दृष्टिक्षेपात टिपतो. बोटाच्या टोकाला मात्र एका वेळी एकच लहानसा ठसा कळतो, आणि एकामागून एक ठसे घेत ते पुढे सरकते. लुई ब्रेल (१८०९–१८५२) याचे मोठेपण हे की त्याने हा भेद ओळखला. चार्ल्स बार्बिए याच्या बारा बिंदूंच्या पद्धतीतील ठसा बोटाच्या टोकात मावत नसे. ब्रेलने तो सहा बिंदूंवर आणला आणि आपली पद्धत १८२९ साली प्रसिद्ध केली. सहा बिंदूंचे दोन उभे स्तंभ. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. त्यांपैकी कोणते उठावदार ठेवावयाचे यावरून ६३ आकृत्या सिद्ध होतात. अधिक नाहीत. टिळकांना आणि सावरकरांना जी काटकसर छापखान्यावर लादावीशी वाटत होती ती येथे बोटाच्या त्वचेनेच लादलेली होती.

भारतात ब्रेल आले ते एकरूपाने आले नाही. मुंबईत अंधांच्या शाळा १९०० च्या सुमारास निघाल्या. दादरची शाळा अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये सुरू केली. परंतु भारतीय भाषांसाठी कोणता ठसा कोणत्या वर्णाला द्यावा याविषयी एकमत नव्हते. कलकत्त्यात लालबिहारी शाह यांची पद्धत, मुंबईकडे डॉ. नीलकंठराय छत्रपती यांची, अन्यत्र आणखी कोणाची, अशा अनेक पद्धती स्वातंत्र्यापूर्वी चालू होत्या. एका प्रांतात छापलेले पुस्तक दुसऱ्या प्रांतातील अंध विद्यार्थ्याला, भाषा येत असूनही, निरुपयोगी ठरे. १९४९ मध्ये भारत सरकारने हा प्रश्न युनेस्कोपुढे मांडला. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले आणि नंतर डेहराडून येथे युद्धात अंध झालेल्या भारतीय सैनिकांसाठी काम केलेले न्यूझीलंडचे सर क्लुथा मॅकेंझी यांच्याकडे युनेस्कोच्या या कार्याची धुरा होती. १९५१ साली बैरूत येथील परिषदेनंतर 'भारती ब्रेल' हे सर्व भारतीय भाषांचे समान प्रमाण ठरले, आणि त्याच वर्षी डेहराडूनला केंद्रीय ब्रेल मुद्रणालय निघाले.

वादाचा मुख्य मुद्दा असा होता. भारतीय वर्णमाला उच्चारस्थानांनुसार शास्त्रशुद्ध रचलेली आहे. मग क-ख-ग-घ यांचे ठसेही त्याच शिस्तीने एकमेकांपासून साधावे, की जगभर रोमन अक्षरांना जे ठसे मिळालेले आहेत त्यांच्याशी जुळवून घ्यावे? निर्णय दुसऱ्या बाजूने झाला. 'क'ला रोमन 'के'चा ठसा (१-३), 'ग'ला 'जी'चा (१-२-४-५), 'श' आणि 'थ' यांना इंग्रजी ब्रेलमधील 'एस-एच' व 'टी-एच' यांच्या संक्षेपांचे ठसे मिळाले. 'ख' (४-६) आणि 'घ' (१-२-६) यांचे आपल्या वर्गबंधूंशी कसलेही साम्य उरले नाही. पाणिनीच्या परंपरेत वाढलेल्या अभ्यासकाला हे रुचणार नाही. पण मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषा शिकणाऱ्या मुलाचे श्रम त्यामुळे पुष्कळ वाचले, आणि मराठीतील 'क' तमिळ किंवा बंगाली पुस्तकातही त्याच ठशाने भेटू लागला. शास्त्रीय सौंदर्य आणि वाचकाची सोय यांत निवड करावयाची वेळ आल्यास सोयीकडे झुकावे, हाच येथील विवेक होता. 'ळ'ला मात्र स्वतःचा ठसा (४-५-६) मिळाला, त्यामुळे 'कमल' आणि 'कमळ' यांतील भेद बोटालाही कळतो.

आता प्रत्यक्ष लेखन पाहावे. 'रत्नागिरी' हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा दिसतो. भारती ब्रेलमध्ये त्याची नऊ घरे होतात : र (१-२-३-५), हलन्तचिन्ह (४), त (२-३-४-५), न (१-३-४-५), आ (३-४-५), ग (१-२-४-५), इ (२-४), पुन्हा र, आणि ई (३-५). या उदाहरणात तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की काना, वेलांटी, उकार यांना वेगळे अस्तित्व नाही. 'गि'मधील इकार आणि 'इमारत' यातील आरंभीचा 'इ' यांचा ठसा एकच. सावरकरांनी ज्या द्वैताविरुद्ध रत्नागिरीत झुंज मांडली ते द्वैत येथे मुळातच उरले नाही. या सरळपणाची किंमत एका ठिकाणी मोजावी लागते : 'मऊ' हा शब्द 'म' आणि 'ऊ' असा लिहिला तर तो 'मू' असा वाचला जाईल, म्हणून मध्ये 'अ'चा ठसा घालावा लागतो. दुसरी गोष्ट ऱ्हस्व वेलांटीची. छापील अक्षरात ती व्यंजनाच्या आधी येते, उच्चारात मागाहून. ब्रेलमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे 'ग'नंतर येते. तिसरी गोष्ट हलन्ताची, आणि ती सर्वांत मार्मिक आहे. छापील लेखनात पाय मोडण्याचे चिन्ह व्यंजनानंतर येते. ब्रेलमध्ये ते त्या व्यंजनाच्या आधी येते. कारण उघड आहे. डोळा 'त्ना' एकदम पाहतो, त्याला पूर्वसूचनेची गरज नाही. बोटाला 'त' पूर्ण उच्चारून झाल्यावर 'तो अर्धा होता' असे सांगण्यात अर्थ नसतो. अंकांपूर्वी येणारे अंकचिन्हही याच न्यायाने आधी येते.

यातील वेलांटीचा क्रम हा निव्वळ अंधांच्या सोयीचा प्रश्न आहे असे त्या वेळी कोणालाही वाटले असते. १९५३ साली लखनौच्या लिपिसुधार परिषदेने छापील नागरीतही ऱ्हस्व इकार उजवीकडे न्यावा असे सुचविले. डोळ्याच्या सवयीने तो प्रस्ताव हाणून पाडला आणि काही वर्षांत तो मागे घ्यावा लागला. रत्नागिरीच्या 'अि'कारालाही काही नियतकालिकांचा आश्रय मिळून अखेर तीच गत प्राप्त झाली. म्हणजे डोळस वाचकांना जी सुधारणा पेलवली नाही ती अंध वाचकांकडे आधीच नांदत होती. (जुन्या पद्धती शिकलेल्या अंधांना १९५१ नंतर वर्णमाला नव्याने गिरवावी लागली, त्याची कुरकुर कोणी फारशी टिपून ठेवलेली नाही.)

टंकलेखन यंत्राने डोळ्याचाच क्रम स्वीकारला. आधी वेलांटी, मग व्यंजन; कित्येक व्यंजनांचे अर्धे रूप एका कळीवर, पूर्ण रूप आणखी एका कळीच्या साह्याने. कागदावर उमटलेली आकृती बरोबर दिसली की यंत्राचे काम संपले, कारण यंत्राला शब्द ठाऊक असण्याची गरजच नव्हती. संगणक आल्यावर या सवयीचे खरे दुष्परिणाम दिसू लागले. मराठीसाठी आरंभी जे फॉन्ट प्रचारात आले त्यांतील पुष्कळांनी रोमन अक्षरांच्या जागी नागरी आकृत्या बसविल्या. संगणकाच्या स्मृतीत रोमन अक्षर, पडद्यावर मात्र नागरी चित्र. कृतिदेव या फॉन्टात टंकित केलेला 'रत्नागिरी' हा शब्द संगणकाच्या लेखी जे, थोरला आर, यू, के, एफ, एक्स, जे, एच अशी आठ इंग्रजी अक्षरे असतो. डोळस वाचकाला याचा पत्ताही लागत नाही. अंध वाचक मात्र संगणक वापरतो तो स्क्रीन रीडर या आज्ञावलीच्या साह्याने. ती पडद्यावरचे चित्र पाहत नाही, स्मृतीत साठविलेली अक्षरे घेते आणि त्यांचा उच्चार करते किंवा ती ब्रेल फलकावर उमटविते. तिला जी आठ इंग्रजी अक्षरे मिळतात तीच ती इमानाने वाचून दाखविते. अशा फॉन्टांत दशकानुदशके लिहिली गेलेली कार्यालयीन पत्रे, प्रश्नपत्रिका, प्रबंध आणि नियतकालिके यांच्यापुढे अंध विद्यार्थी निरक्षरासारखा उभा राहतो. एका ओळीत मराठी वाचता येणारा, शुद्ध लिहिता येणारा माणूस दुसऱ्या ओळीत निरक्षर होतो, आणि ते त्याच्या दृष्टीमुळे घडत नाही. टंकन करणाराने कोणता फॉन्ट निवडला यामुळे घडते.

याला पर्याय नव्हता असेही नाही. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली १९८८ मध्ये आली आणि १९९१ मध्ये तिला भारतीय मानकाचे रूप मिळाले. तिच्याच १९८८ च्या आराखड्यावर युनिकोडमधील देवनागरी विभाग आधारलेला आहे. या प्रणालीत अक्षराचे चित्र साठविले जात नाही. वर्ण साठविले जातात, आणि तेही उच्चाराच्या क्रमाने. युनिकोडमध्ये 'रत्नागिरी' असा साठविला जातो : र, त, हलन्त, न, काना, ग, ऱ्हस्व वेलांटी, र, दीर्घ वेलांटी. संकेत नऊ, आणि ब्रेलची घरेही नऊ. फरक एवढाच की हलन्त 'त'च्या आधी न येता नंतर येतो. एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असे मानण्याचे कारण नाही. संगणक आणि बोट या दोघांनाही मजकूर एका वेळी एकच चिन्ह या हिशेबाने मिळतो, म्हणून दोघेही एकाच उत्तराशी पोहोचले. १९५१ साली अंध वाचकासाठी जो क्रम ठरला तोच चार दशकांनी सर्वांसाठी ठरला. ज्या मजकुराचा ब्रेल अनुवाद सुकर आहे तोच मजकूर शोधता येतो, अकारविल्हे लावता येतो, मंददृष्टीच्या वाचकासाठी हवा तेवढा मोठा करता येतो, आणि वाचनअक्षमता असलेल्या मुलाला आवाजासह दाखविता येतो. डोळस संशोधकाला सूची करण्यासाठी जो मजकूर लागतो तोही हाच.

तरीही युनिकोडने सारे मिटले असे समजणे चूक आहे, आणि याचा पुरावा कोकणातच विपुल आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतील दरीचे अनेकवचन. पहिल्यात रफार, दुसऱ्यात डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा अर्धा 'र'. हा दुसरा 'र' मराठीचा विशेष असून किनाऱ्यावर, वाऱ्याने, सुपाऱ्या, पायऱ्या, खाऱ्या अशा नित्याच्या शब्दांत तो पदोपदी येतो. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे साठविता येतो : 'ऱ' या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोहोंची आकृती तीच. पण एका प्रकारे टंकित केलेला 'किनाऱ्यावर' दुसऱ्या प्रकारे शोधला तर सापडेलच असे नाही, आणि ब्रेल अनुवादक किंवा उच्चारक आज्ञावलीला दोन्ही प्रकार शिकविलेले नसतील तर दरीत समुद्र शिरण्याचा संभव राहतो. एका कार्यालयात, एका विद्यापीठात, निदान एका विभागात तरी एकच प्रकार वापरावा, एवढी साधी शिस्तही अद्याप सर्वत्र पाळली जात नाही.

उच्चाराच्या बाबतीत अडचण वेगळ्या जातीची आहे. मराठीत च, ज, झ यांचे तालव्य आणि दन्ततालव्य असे दोन उच्चार आहेत आणि लिपी त्यांत भेद करीत नाही. 'जरा थांब' यातील 'जरा' आणि 'जरा-मरण' यातील 'जरा' लिहिण्यात एक, बोलण्यात दोन. ब्रेल ही संदिग्धता जशीच्या तशी वाचकाच्या स्वाधीन करते आणि वाचक ती संदर्भाने सोडवितो, जशी डोळस वाचक सोडवितो. बोलणाऱ्या यंत्राला मात्र निर्णय घ्यावाच लागतो. हिंदीसाठी घडविलेला आवाज मराठी मजकुराला लावला की हे सारे उच्चार तालव्य होतात, आणि ऐकणाऱ्याला प्रत्येक वाक्य मनात दुरुस्त करून घ्यावे लागते. आज ईस्पीक या मुक्त उच्चारकात मराठीची सोय आहे आणि २००६ पासून विकसित होत आलेला एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर तो वापरतो. लिबलुई या मुक्त संचात मराठी ब्रेलचे कोष्टकही आहे. साधने अशी हाताशी आहेत. त्यांना मराठीचे ध्वनिनियम पुरविण्याचे काम भाषाशास्त्राच्या अभ्यासकांचे आहे, आणि ते संगणकतज्ज्ञांनी एकट्याने करावे अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

ऐकण्याची सोय झाल्यावर ब्रेलची गरज संपली, असेही मत अधूनमधून मांडले जाते. ब्रेल पुस्तके अवजड असतात, साठवणीला जागा फार लागते, आणि बिंदू वरखाली होणारा यांत्रिक ब्रेल फलक सामान्य कुटुंबाला परवडत नाही, हे खरेच आहे. परंतु केवळ ऐकून शिकलेल्या मुलाला 'दिन' आणि 'दीन' यांतील ऱ्हस्व-दीर्घ, 'श' आणि 'ष' यांची निवड, परिच्छेद कोठे तुटतो, यांचे ज्ञान व्हावे कसे? श्रवणाने ज्ञान मिळते, पण साक्षरता हाताखाली अक्षर आल्यावाचून येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील घराडी येथे अंध मुलांची निवासी शाळा आहे. तेथून निघालेल्या विद्यार्थ्याने महाविद्यालयात यावे, पदव्युत्तर वर्गापर्यंत पोहोचावे आणि मग ग्रंथालयात त्याच्या बोटांना अगर कानांना देण्यासारखे मराठी पुस्तक नसावे, ही गोष्ट त्या शाळेच्या कष्टांवर पाणी ओतणारी आहे.

कायद्याच्या बाजूने आता फारसे अडत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने लेखाधिकार कायद्यात अशी तरतूद झाली की अपंग वाचकांसाठी सुलभ प्रत करण्यास लेखकाची वेगळी अनुमती लागत नाही. २०१३ च्या मराकेश कराराला २०१४ मध्ये अनुमोदन देणारे भारत हे पहिले राष्ट्र होय. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या ४२ व्या कलमात छापील व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुलभ स्वरूपात असावा असे शासनाचे कर्तव्य सांगितले आहे. सुलभतेचे नियम ऐच्छिक सूचनांच्या स्वरूपात न राहता बंधनकारक असावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या याचिकेवर दिला. अधिकार आहे, परंतु मजकूर अजून जुन्या फॉन्टांत आहे.

म्हणून विद्यापीठीय विभागांपुढील काम अगदी व्यवहाराचे आहे. नवा प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारावा. शीर्षके केवळ ठळक न करता ती शीर्षके आहेत अशी खूण मजकुरात असावी. कोष्टक चित्ररूपाने चिकटवू नये. आकृतीखाली तिचे शब्दांत वर्णन असावे. यांत खर्च नाही, शिस्त आहे. जुन्या फॉन्टांतील मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक उपलब्ध आहेत, मात्र ते वेलांटी आणि रफार यांच्या स्थलांतरात चुकतात, कारण ही दोन्ही चिन्हे चित्रात एका जागी आणि उच्चारात दुसऱ्या जागी असतात. छापील पुस्तकांचे प्रकरण आणखी बिकट आहे. पृष्ठाचे छायाचित्र घेऊन त्यातून अक्षरे ओळखणारी यंत्रणा आजच्या लेखनावर बरी चालते. पण १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या ग्रंथांत 'नाहीं', 'कांहीं', 'आम्हांस' असे अनुस्वार जागोजागी असतात, झिजलेल्या खिळ्यांनी ते पुसट उमटलेले असतात, आणि सावरकरी लिपीत छापलेल्या पानांवर 'अि' व 'अु' पाहून यंत्रणा गोंधळते. अशा पानांची मुद्रिते कोणीतरी तपासावी लागतील. त्या तपासनीसांत एक तरी अंध वाचक असावा. अदृश्य जोडचिन्ह राहून गेले आहे की काय, हे पडदा पाहणाराला दिसत नाही, ऐकणाराला मात्र पहिल्याच ओळीत खटकते.